‘तुमचं बंद झालंय’ : निराधार अनुदान थांबल्यावर दाद नेमकी कशाविरुद्ध मागायची?

रानवाट (धागाकर्ती)

नमस्कार. हा धागा मी एका कौटुंबिक अडचणीवरून सुरू करत असले, तरी ही अडचण केवळ आमच्या घराची नाही, याची मला गेल्या काही महिन्यांत पुरेपूर खात्री पटली आहे.

माझी मावशी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. तिचे वय साठ आहे. पतीचे निधन होऊन चौदा वर्षे झाली असून, घरात ती आणि बौद्धिक अक्षमता असलेली तिची मुलगी अशा दोघीच असतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून मावशीला दरमहा मिळणारे १,५०० रुपये गेल्या वर्षी अचानक येईनासे झाले. आधी बँकेत, मग सेतू केंद्रात आणि नंतर तहसील कार्यालयातील संजय गांधी शाखेत असे तिने पाच हेलपाटे घातले. प्रत्येक वेळी मुलीला शेजाऱ्यांकडे ठेवून जावे लागे. खिडकीवरचे उत्तर दर वेळी एकच असे : “तुमचं बंद झालंय.” कोणी बंद केले, कोणत्या तारखेला, कोणत्या नियमाने, यातले काहीही तिला सांगण्यात आले नाही. चौथ्या खेपेला एका लिपिकाने समोरच्या पडद्याकडे पाहत “उत्पन्न जास्त दिसतंय” एवढेच म्हटले.

सहाव्या वेळी मी तिच्याबरोबर गेले आणि अनुदान थांबवल्याच्या आदेशाची प्रत मागितली. त्यावर “असा वेगळा आदेश नसतो, यादीतून नाव कमी होतं” असे सांगण्यात आले. आम्ही तिथेच बसून लेखी अर्ज लिहिला, तर “ठेवून जा, साहेब आले की बघतील” असे उत्तर मिळाले. मी पोच मागितली. शिक्का आतल्या खोलीत असल्याने ती मिळाली नाही.

त्यानंतर तालुक्याच्या न्यायालयाबाहेर बसणाऱ्या एका वकिलांना आम्ही भेटलो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि पहिलाच प्रश्न विचारला : “आव्हान कोणत्या आदेशाला द्यायचं आहे?” आमच्या हातात बँकेच्या पासबुकातील रिकाम्या ओळींखेरीज काहीही नव्हते.

त्या क्षणापासून मला असे वाटू लागले आहे की सरकारी आधार नाकारला गेलेल्या माणसाला न्यायालयापर्यंत जाण्यात ज्या अडचणी येतात, त्यांतली पहिली आणि सर्वांत मोठी अडचण न्यायालयात नसतेच. निर्णय कागदावर उतरतच नाही, हीच ती अडचण आहे. न लिहिलेल्या निर्णयाला तारीख नसते, त्यामुळे मुदत मोजता येत नाही. कारण नसते, त्यामुळे ते खोडून काढता येत नाही. आणि सही नसते, त्यामुळे प्रतिवादी कोणाला करायचे तेही ठरत नाही.

उत्पन्नाच्या अटीविषयीही थोडे लिहिते, कारण बहुतेक नकार तिच्याच आधारे तोंडी दिले जातात. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव नसेल, तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे, अशी ही अट दशकाहून अधिक काळ चालत आली आहे. म्हणजे सगळ्या घराचे मिळून दिवसाला सुमारे ५७ रुपये. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या वर्षी एखाद्या विधवेला हमीचे शंभर दिवस पूर्ण काम मिळाले असेल, तर तिचे उत्पन्न २९,७०० रुपये होते आणि सरकारच्याच लेखी ती निराधार उरत नाही. याउलट २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत तेवढ्याच १,५०० रुपयांसाठी मर्यादा अडीच लाखांची आहे. त्या योजनेला माझा विरोध नाही. परंतु ज्या बाईचा चुलाच या पैशांवर पेटतो तिच्यासाठी अट अधिक कठोर का असावी, हे मला समजत नाही.

माझा प्रश्न असा आहे : लेखी आदेशच नसताना दाद मागण्याची सुरुवात कुठून करावी? ज्यांनी हा रस्ता चालून पाहिला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


पाणवठा

ताई, पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि वितरणाचा पुरावा टपाल खात्याच्या संकेतस्थळावरून काढून ठेवा. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात माझ्या आईच्या बाबतीत हेच करावे लागले. अर्ज गेला, हे सिद्ध करणारा एक कागद हाती आल्यावर पुढचे बोलणे थोडे बदलते, एवढा माझा अनुभव आहे.


काळा_कोट

रानवाट ताई, मी जिल्हा न्यायालयात आणि उच्च न्यायालयात वकिली करतो. तुमचे निरीक्षण बरोबर आहे, मात्र त्याच्या पुढेही काही दारे आहेत आणि ती एकेक करून कशी बंद होतात ते समजून घेणे उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट हक्काच्या स्वरूपाची. बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता अशा प्रसंगी लोकसाहाय्य मिळण्याचा उल्लेख संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये आहे. परंतु तो राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत आहे, आणि अनुच्छेद ३७ प्रमाणे ही मार्गदर्शक तत्त्वे कोणत्याही न्यायालयाकरवी अंमलात आणता येत नाहीत. निराधार योजना विधिमंडळाच्या कायद्याने नव्हे, तर शासन निर्णयांनी चालते. त्यामुळे “हा आमच्या अशिलाचा कायदेशीर हक्क आहे” असे म्हणताच समोरून “ही शासनाची धोरणात्मक बाब आहे” असे उत्तर येते. तरीही एकदा योजना आखली की ती मनमानीपणे राबवता येत नाही, आणि चालू असलेला लाभ म्हणणे ऐकून न घेता बंद करणे हे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे. समानतेचा हक्क देणारा अनुच्छेद १४ तिथे आपल्या मदतीला येतो. २८ नोव्हेंबर २००१ रोजी अन्नाच्या हक्काच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वृद्धापकाळ निवृत्तिवेतनासह अनेक योजनांना हक्काचे स्वरूप दिले आणि निवृत्तिवेतन प्रत्येक महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यावे असे बजावले होते. असे आदेश दुर्मीळ आहेत, पण ते आहेत.

दुसरी गोष्ट पर्यायी उपायाची. सरकारी निर्णयाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात रिट याचिका घेऊन गेलो की खंडपीठाचा पहिला प्रश्न असतो, “वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील केलं का?” अपिलाला आदेशाची प्रत जोडावी लागते, आणि इथे आपण तुमच्या वकिलांच्या प्रश्नापाशी परत येतो. मी स्वतः अशा वेळी नैसर्गिक न्यायाचा भंग झाल्यास पर्यायी उपाय आड येत नाही, हा व्हर्लपूल प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा निकाल पुढे करतो. पण त्यासाठी तरी तुमचे नाव कमी झाले, एवढे दाखवणारा काहीतरी सरकारी कागद लागतोच.

लेखी कारणाचा आग्रह मी आणखी एका कारणाने धरतो. मोहिंदरसिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितले, की सार्वजनिक आदेशाची वैधता त्यात दिलेल्या कारणांवरूनच तपासायची. नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणे भरून तो सावरता येत नाही. ज्या कार्यालयाने काहीच लिहिले नाही, त्याला मात्र याचिका दाखल झाल्यावर हवे ते कारण निवडण्याची मोकळीक राहते. न लिहिण्यामागे नेहमीच हेतू असतो असे मी म्हणणार नाही, परंतु त्याचा फायदा कोणाला होतो ते स्पष्ट आहे.

तिसरी गोष्ट अंतराची आणि भाषेची. अनुच्छेद ३४८ मुळे उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, त्यामुळे पंचनामा, दाखला, अर्ज असा प्रत्येक मराठी कागद भाषांतरित करून जोडावा लागतो. १८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील पीठ (सर्किट बेंच) सुरू होईपर्यंत सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर या सहा जिल्ह्यांतील माणसाला प्रत्येक तारखेला मुंबई गाठावी लागे. तुमच्या मावशींच्या दृष्टीने हा बदल लहान नाही.

चौथी गोष्ट पैशांची. दरमहा १,५०० म्हणजे वर्षाचे १८,०००. टंकलेखन, भाषांतर, प्रतिज्ञापत्रे आणि प्रवास यांतच त्यातला मोठा हिस्सा जातो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, आणि १५१०० हा त्यासाठीचा मदत क्रमांक आहे. मात्र प्राधिकरणाच्या पॅनेलवरचे बहुतेक वकील फौजदारी आणि कौटुंबिक प्रकरणांत मुरलेले असतात. निराधार योजनेचे शासन निर्णय शोधून वाचलेला वकील मिळायला नशीब लागते, हे मी आमच्याच व्यवसायाविषयी खेदाने लिहितो.

आणि शेवटची गोष्ट, जी मला सर्वांत जास्त बोचते. याचिकेची नोटीस सरकारला बजावली गेली की पुष्कळदा त्याच आठवड्यात त्या एका बाईचे अनुदान सुरू होते. सरकारी वकील तसे निवेदन करतात, याचिका निकाली निघते. अशील आनंदाने घरी जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच यादीतून त्याच पद्धतीने वगळलेल्या बाकीच्यांसाठी कोणताही निकाल मागे उरत नाही, आणि पुढच्या बाईला पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागते.


जुनी_दौत

मी महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. खिडकीच्या आतल्या बाजूचे लिहितो, समर्थन म्हणून नव्हे.

संजय गांधी शाखेत हजारो लाभार्थी आणि त्यांच्यामागे दोन-तीन कर्मचारी, असे चित्र मी नोकरीतल्या तीन तालुक्यांत पाहिले. निवडणुकीचे काम, पंचनामे, दुष्काळाच्या याद्या आल्या की तेच कर्मचारी तिकडे पाठवले जात. प्रकरणे मंजूर करणारी तालुका समिती अशासकीय अध्यक्षांची असते. सरकार बदलले की समित्या बरखास्त होतात आणि नव्या नेमल्या जाईपर्यंत कामाची गती मंदावते. त्या काळात आलेल्या अर्जदाराला “समितीची बैठक झाली नाही” एवढेच सांगता येते.

लेखी नकार का दिला जात नाही, तर लेखी नकार म्हणजे कारण, कारण म्हणजे जबाबदारी, आणि जबाबदारी म्हणजे उद्या अपील किंवा लेखापरीक्षणाचा आक्षेप. त्यामुळे नकळत एक सवय पडते : मंजुरीचा कागद निघतो, नामंजुरीचा निघत नाही. मी स्वतः काही वर्षे असेच केले. एकदा एक वृद्ध गृहस्थ माझ्यासमोर बसून म्हणाले, “नाही म्हणा साहेब, पण लिहून द्या, म्हणजे मला दुसरीकडे जाता येईल.” त्यानंतर माझ्या शाखेत प्रत्येक नामंजुरीचे पत्र निघू लागले. काम वाढले. तक्रारी मात्र घटल्या, कारण निम्म्या लोकांचा एखादाच कागद कमी होता आणि तो त्यांनी लगेच आणून दिला.

रानवाट ताई, एक व्यवहार्य सूचना. कारण खरोखर उत्पन्नाचे असेल, तर मावशींच्या नावे ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी नव्याने अर्ज करा. दाखला ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा आहे. अर्जाला क्रमांक मिळतो, ठरावीक मुदत असते, नाकारला तर कारण लेखी द्यावे लागते आणि त्यावर ३० दिवसांत पहिले अपील करता येते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. अनुदानाचा निर्णय तोंडी राहिला, तरी त्याचा पाया असलेले उत्पन्न अशा रीतीने कागदावर आणता येते.


सांजसावली

हा धागा वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहिते आहे. माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे आणि त्यालाही बौद्धिक अक्षमता आहे. आधीच्या प्रमाणपत्रावर त्याची अक्षमता ६५ टक्के होती. मुदत संपल्यावर नव्याने तपासणी झाली, ती जेमतेम दहा मिनिटे चालली, आणि संगणकीय प्रणालीवर निकाल आला : ३५ टक्के. किमान चाळीस टक्के लागतात, त्याच्या खाली गेल्याने निराधार अनुदान आणि एसटीची सवलत दोन्हींचे दार बंद झाले. मुलगा तोच आहे. आजही त्याच्या अंगाला साबण मीच लावते आणि रस्ता ओलांडताना त्याचा हात मीच धरते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५९ खाली अशा प्रमाणपत्राविरुद्ध अपील करता येते आणि त्याची मुदत ९० दिवसांची आहे, हे मला एका संस्थेतील ताईंनी सांगितले. अर्ज घेऊन गेले तर विचारले गेले, “मुलगा सज्ञान आहे, सही त्याची कुठे आहे?” त्याला सही करता येत नाही. मग “तुम्ही कायदेशीर पालक आहात का?” मी त्याची आई आहे, परंतु अठरा वर्षांनंतर ते पुरेसे नसते. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडून पालकत्वाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या समितीची बैठक होईपर्यंत माझे ९० दिवस उलटून गेले. ज्या मुलाला स्वतःचा व्यवहार सांभाळता येत नाही असे दाखवण्यासाठी मी धावत होते, त्याच मुलाला पुरेशी अक्षमता नाही, असे दुसरा कागद म्हणत होता.

आणखी एक गोष्ट कोणी लिहीत नाही, ती मी लिहिते. भीती वाटते. पुढच्या तपासणीला त्याच रुग्णालयात, कदाचित त्याच डॉक्टरांसमोर जायचे असते. मुलाच्या बाकीच्या योजना त्याच कार्यालयांतून चालतात. तक्रार केली तर राहिलेलेही जाईल, असे कोणी धमकावलेले नसतानाही वाटत राहते.


काळा_कोट

सांजसावली ताई, तुमचे प्रकरण संपलेले नाही. पालकत्वाच्या प्रमाणपत्रासाठी लागलेला काळ हेच विलंब माफीचे सबळ कारण आहे. समितीकडे अर्ज केल्याची तारीख आणि प्रमाणपत्राची तारीख दोन्ही अपिलासोबत जोडा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे कलम १२ दिव्यांग व्यक्तींना न्यायालय, न्यायाधिकरण आणि तत्सम प्राधिकरणांपर्यंत भेदभावाविना पोहोचता येईल, याची जबाबदारी शासनावर टाकते; सहीअभावी अर्ज परत करणे या कलमाशी विसंगत आहे, असे मांडता येईल.

पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडे कलम ८० खाली तक्रारही करता येते, आणि तिथे वकील लागत नाही. मर्यादा मात्र आधीच सांगून ठेवतो. आयुक्त शिफारस करतात. कलम ८१ प्रमाणे संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत कार्यवाही कळवायची, आणि शिफारस मान्य नसेल तर कारणे कळवायची. म्हणजे तिथेही प्राधिकरणाला ‘नाही’ म्हणता येते, पण ते लेखी आणि सकारण म्हणावे लागते. आपल्या दृष्टीने तेवढेही मोलाचे आहे, कारण उच्च न्यायालयात जाण्यासाठी हवा असलेला कागद त्यातून तयार होतो.


धुक्याचं_गाव

मी इंग्लंडमध्ये राहतो. इथली स्थिती लिहावी की नाही असा विचार करत होतो, कारण इथल्या आणि तिथल्या गरजांची तुलना करणे मला योग्य वाटत नाही. परंतु रानवाट ताईंच्या मूळ मुद्द्याला, म्हणजे लेखी कारण मिळाले तर वाट मोकळी होईल का या प्रश्नाला, इथला अनुभव थेट भिडतो.

इंग्लंडमध्ये केअर ॲक्ट, २०१४ नुसार स्थानिक परिषदेने गरजांची पाहणी करून पात्रतेचा निर्णय आणि त्याची कारणे लेखी द्यावीच लागतात. ज्यांना स्वतःची बाजू मांडणे अवघड जाते आणि ज्यांच्याकडे मदतीला योग्य माणूस नसतो, त्यांच्यासाठी स्वतंत्र साहाय्यक नेमण्याचे बंधनही परिषदेवर आहे. माझ्या मोठ्या बहिणीला पक्षाघात झाल्यानंतर आठवड्याला २८ तासांची मदत मंजूर होती. फेरपाहणीनंतर ती १७ तासांवर आली. आम्हाला अकरा पानी कागद मिळाला. त्यात सगळे होते, फक्त रात्री तिला शौचालयापर्यंत कोण नेणार, हे नव्हते.

मग कळले, की त्या निर्णयाचा गुणावगुण तपासणारे न्यायाधिकरणच इथे नाही. कायद्याच्या ७२ व्या कलमात अपिलाची यंत्रणा निर्माण करण्याची तरतूद आहे, परंतु दहा वर्षे उलटून गेली तरी ती प्रत्यक्षात आलेली नाही. परिषदेकडे तक्रार करायची, तिने फेटाळली की लोकपालांकडे जायचे. ही सेवा विनामूल्य आहे, पण लोकपाल कारभारातील दोष पाहतात, तज्ज्ञाच्या मताऐवजी स्वतःचे मत ठेवत नाहीत. उच्च न्यायालयातील न्यायिक पुनर्विलोकनाला विलंब न लावता, आणि कोणत्याही परिस्थितीत तीन महिन्यांच्या आत जावे लागते. तक्रारीची प्रक्रिया पूर्ण होण्याची वाट पाहिली तर ती मुदत सहज निघून जाते. सरकारी खर्चाने वकील मिळण्यासाठी उत्पन्न आणि बचत दोन्ही तपासतात, आणि या विषयाचे असे वकील कित्येक भागांत जवळपास सापडतच नाहीत.

इथला सर्वांना ठाऊक असलेला दाखला एलेन मॅकडोनल्ड यांचा आहे. त्या स्कॉटिश बॅलेच्या माजी प्रमुख नर्तिका. पक्षाघातानंतर रात्री लघवीसाठी उठायला त्यांना माणसाची मदत लागे. लंडनमधील केन्सिंग्टन आणि चेल्सी परिषदेने खर्च वाचवण्यासाठी माणसाऐवजी शोषक पॅड देण्याचे ठरवले. त्यांचा लघवीवरचा ताबा सुटलेला नव्हता. फक्त मदतीशिवाय उठता येत नव्हते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी परिषदेच्या बाजूने निकाल दिला. विरोधातले एक मत लेडी हेल यांचे होते. २०१४ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने केवळ साधारण वर्षभराच्या काळापुरता हक्कभंग मान्य करून १,००० युरो भरपाई दिली. लेखी कारण त्यांच्याही हाती होते.

त्यामुळे ताई, कागद मिळवाच, पण कागदावर काय लिहिले आहे याचा खरेखोटेपणा तपासणारे कोणीतरी असणे, ही त्याच्यापुढची मागणी आहे. माझ्या बहिणीच्या बाबतीत वकिलाचे एक पत्र गेल्यावर परिषदेने २४ तास मान्य केले. काळा_कोट यांनी लिहिले तसेच झाले. आमच्या घरापुरते भागले, निकाल कुठेच लागला नाही.


कातळवाट

गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या बाबतीतही हयातीचा दाखला वेळेत पोहोचला नाही की पैसे थांबतात, आणि थांबल्याचे बँकेत गेल्यावरच कळते. अंतरे लहान असल्याने पणजीला जाऊन विचारता येते, एवढाच काय तो आमचा दिलासा.


रानवाट

सर्वांचे मनापासून आभार. जुनी_दौत काका, आपण स्वतःविषयी जे लिहिलेत ते लिहायला सोपे नव्हते, याची मला जाणीव आहे. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज आजच केला.

काळा_कोट, एक विचारायचे आहे. माहितीच्या अधिकारात नेमके काय मागावे? “अनुदान का बंद केले” असे विचारल्यास प्रश्नार्थक मजकूर म्हणून अर्ज फेटाळतात, असे ऐकले आहे.


काळा_कोट

‘का’ हा शब्द टाळा आणि कागद मागा. लाभार्थ्याचे नाव यादीतून कमी करण्यासंबंधीची टिपणी, त्यावरील सही केलेल्या अधिकाऱ्याचे पदनाम आणि दिनांक, समितीच्या बैठकीचे इतिवृत्त, पडताळणीचा अहवाल, आणि लाभार्थ्याला पाठवलेल्या सूचनेची जावक नोंदवहीतील नोंद, यांच्या प्रमाणित प्रती मागा. सूचना पाठवलीच नसेल, तर “अशी नोंद आढळत नाही” हे उत्तर तुमच्यासाठी आदेशाइतकेच उपयोगी आहे. अर्जाच्या शेवटी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४, पोटकलम १ च्या चौथ्या खंडाचा उल्लेख करा. बाधित व्यक्तीला प्रशासकीय निर्णयाची कारणे देणे हे त्या खंडानुसार सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. १० रुपयांचे शुल्क लावा. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही माफ आहे. अर्ज मावशींच्या नावाने आणि त्यांच्या सहीनेच जाऊ द्या.


रानवाट (सहा आठवड्यांनंतर)

उत्तर आले आहे. तीस दिवसांची मुदत उलटल्यानंतर आले, पण आले.

टिपणीत उत्पन्नाचा उल्लेखच नाही. ‘हयातीचा दाखला अप्राप्त, सबब नाव वगळण्यात आले’ असे एका ओळीत लिहिलेले आहे. मावशीने तो दाखला त्या वर्षी स्वतः नेऊन दिला होता. तिच्याबरोबर गेलेल्या शेजारीणबाईंना तो दिवसही आठवतो, कारण त्या दिवशी गावात आठवडी बाजार होता. पण पोच घेतलेली नाही. सूचना पाठवल्याची नोंद आढळत नाही, असेही त्याच पत्रात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे वर्षभर आम्ही उत्पन्नाच्या कारणाशी झगडत होतो आणि ते कारण कागदावर कधी नव्हतेच. उत्पन्नाचा नवा दाखला दरम्यान मिळाला आहे, तोही आता फाइलमध्ये लावला.

मावशीला ते पत्र वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “मी जिवंत नाही असं त्यांनी लिहिलंय का?” मी नाही म्हटले, फक्त दाखला मिळाला नाही असे लिहिले आहे. तिला त्यात फारसा फरक वाटला नाही.

येत्या सोमवारी तिला घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे जात आहे. पत्र, टपालाचा लिफाफा, पासबुक आणि शेजारीणबाईंचे लेखी निवेदन सोबत घेतले आहे. काळा_कोट यांनी खाजगी निरोपातून सुचवल्याप्रमाणे पत्र हाती पडल्याची तारीख लिफाफ्यावर लिहून त्याखाली मावशीची सही घेतली आहे. सांजसावली ताई, विलंब माफीच्या अर्जाचा मसुदा तुम्हाला पाठवला आहे. स्थानिक स्तर समितीकडे अर्ज केल्याची तारीख त्यात मोकळी सोडली आहे, ती तेवढी भरा.